लाल बिनमधली डब्याची पिशवी

अण्णा, उद्या सकाळी मला आमच्या कंपनीतल्या एचआरच्या केबिनमध्ये बसून बोलायचंय, आणि आज रविवार असल्यामुळे घरात त्याचीच तयारी चाललीय. एचआर म्हणजे तुमच्या वेळचा पर्सोनेलवाला. तुमच्या वेळी तो दारातूनच ओरडायचा; आता बसायला खुर्ची देतात, कॉफी घेणार का विचारतात आणि मग सांगायचं ते सांगतात. मी तक्रार केलीय, तीही लेखी. आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरने माझं कामावर येणं नकोसं करून टाकलंय, असं मी सरळ लिहून दिलंय. हे ऐकून तुम्ही आधी दार लोटून घेतलं असतं आणि मग हळू आवाजात विचारलं असतं, कुणी सांगितलं होतं गं हे उद्योग करायला. कुणी सांगितलं नव्हतं. तेच तर तुम्हाला नीट सांगायला बसलेय.

आधी घरचं सांगते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. आम्ही मोशीत राहतो. तुम्हाला मोशी आठवते ती ज्वारीच्या शेतांची. आता तिथे शेत शोधायला गेलात तर वॉचमन तुम्हाला कुठल्या विंगला जायचंय ते विचारेल. तुमचे जावई सिटी बसवर कंडक्टर आहेत, त्यामुळे घरातसुद्धा कोणी दारात उभं राहिलं की त्यांच्या तोंडून 'पुढे सरका' निघतं. तुमची नात बारावीला आहे आणि माझ्यापेक्षा उंच झालीय. गच्चीत वाळवण घातलं की इंद्रायणीवरून वारा येतो, संध्याकाळी आम्ही तिघं तिथेच चहा पितो. मी सुखात आहे, अण्णा. हे मुद्दाम सांगते, कारण तक्रार करणारी बाई रडवेली, खंगलेली असायला हवी असं सगळ्यांनाच वाटतं, आणि मी दोन वेळा पोटभर जेवून तक्रार केलीय म्हटल्यावर लोक जरा गोंधळतात.

नोकरीही मला आवडते. चाकण म्हणजे तुमच्यासाठी कांद्याचा बाजार. आता त्याच्या पुढे मैलोन्‌मैल शेड आहेत, आणि त्यातल्या एका शेडमध्ये तुमची मुलगी एका लाइनची क्वालिटी सांभाळते. गाड्यांच्या सीटखाली बसणारे लोखंडी ब्रॅकेट आम्ही वेल्डिंग करतो. चांगला माल कुठला आणि वाईट कुठला, हे शेवटी मी ठरवते. मला डिप्लोमाला प्रवेश मिळाला तेव्हा नोकरीचा पत्ता नसताना तुम्ही पिंपरीच्या बाजारातून सेफ्टी शूज आणले होते, आठवतंय? बायकांच्या मापाचे मिळत नव्हते म्हणून पुरुषांचा सगळ्यात लहान जोड आणलात आणि पुढे चिंध्या कोंबायला सांगितलंत. आई म्हणाली, लग्नात हेच घालून उभी राहील आता पोरगी. तुम्ही नुसते खूश होऊन बघत होतात. मी कायम झाले ते बघायला तुम्ही राहिला नाहीत. पण त्या बुटांतच मी ट्रेनिंग काढलं आणि पुढे माझ्या मापाचे मिळाले तेव्हा पहिले काही दिवस पाय उगाच हलके वाटायचे.

आता मुद्द्यावर येते. आमच्या प्रत्येक लाइनच्या टोकाला एक लाल रंगाचा लोखंडी पेटारा असतो. त्याला सगळे लाल बिन म्हणतात. खराब निघालेला पार्ट त्यात टाकायचा आणि त्याला टॅग लावायचा: पार्ट कुठला, दोष काय, उपाय काय, टाकला कोणी. एकदा बिनमध्ये पडलेली वस्तू कोणी परस्पर काढायची नाही, प्लँट हेडनेसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या खात्यांची माणसं बिनभोवती उभी राहतात, एकेक वस्तू बाहेर निघते, ज्याने टाकली तो पुढे येऊन कारण सांगतो, मगच तिचा निकाल लागतो. कारण सांगायला कोणी पुढे आलं नाही तर वस्तू परत बिनमध्ये जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघते. नव्याने आलेल्या प्रत्येकाला हा नियम मीच शिकवते, आणि जरा जास्तच जोर देऊन शिकवते असं माझ्या पाठीमागे बोललं जातं.

हा प्रॉडक्शन मॅनेजर गेल्या वर्षी आला. माझ्याहून लहान आहे, कामाला वाघ आहे, खोटं कशाला बोलू. सुरुवातीला आमचं बरं चाललं होतं. मग एकदा मी एक अख्खा लॉट अडवला, कारण वेल्डिंगमध्ये बारीक भोकं होती. गेटवर ट्रक उभा, गिऱ्हाइकाचे फोनवर फोन, आणि हा मला म्हणतोय, एवढं चालतं हो मॅडम, सीटखाली कोण वाकून बघतंय. मी सोडला नाही. त्या दिवसापासून मी 'रिजेक्शनबाई' झाले. आधी तो एकटा म्हणायचा, मग सुपरवायझर म्हणायला लागले, मग चहावालासुद्धा. पुढे मला मीटिंगचे निरोप येईनासे झाले. माझी खुर्ची रोज कुठेतरी जायची आणि मी ती शोधत फिरताना लोक कामात गुंग व्हायचे. ग्रुपवर माझ्या वयावर विनोद यायचे, खाली हसऱ्या तोंडांची रांग. मी काय करत होते? मीही एक हसरं तोंड टाकायचे. उगाच आपल्यामुळे वातावरण नको बिघडायला.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीनंतर हात धुऊन लाइनवर आले, तर माझी डब्याची पिशवी लाल बिनमध्ये. तिला रीतसर टॅग बांधलेला. पार्ट: बाई. दोष: जुनी झाली. उपाय: स्क्रॅप. टाकणाऱ्याचं नाव तेवढं कोरं. आजूबाजूला पाच-सहा जण उभे होते आणि सगळे हसत होते, मॅनेजर सगळ्यात मागे. अण्णा, मी पण हसले. माझ्या तोंडातून तो आवाज आला आणि मी पिशवी काढायला हात पुढे केला. आमच्या लाइनवर एक ऑपरेटर आहे, परभणीकडची, कॉन्ट्रॅक्टवर लागलेली, दोन पोरांची आई. ती मशीनवरून अगदी गंभीरपणे म्हणाली, "मॅडम, हात नका लावू. बिनमदलं सकाळच्या मीटिंगबिगर निघत नसतंय, तुमीच सांगितलंय की."

ती चिडवत होती की मला काही सुचवत होती की तिला खरंच नियम मोडेल अशी भीती वाटली, ते मला तेव्हा कळलं नाही. पण माझा हात मागे आला आणि हसूही थांबलं. मी म्हटलं, बरोबर आहे तुझं. आणि पिशवी तिथेच ठेवून कामाला लागले. एक-दोघं अजून हसत होते, पण त्यांना आता कशाला हसायचं ते समजेना. संध्याकाळी निघाले तेव्हा लक्षात आलं की घराची किल्ली पिशवीत आहे. मग मी शेजारच्या काकूंकडे बसून भाजी निवडली, तुमचे जावई ड्यूटीवरून येईपर्यंत. त्यांनी विचारलं, किल्ली कुठाय? म्हटलं, रिजेक्ट झालीय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे बिनभोवती जमले. प्लँट हेड एकेक पार्ट काढत माझ्या पिशवीपाशी आले. आदल्या दिवशीची उरलेली मेथी आत आंबली होती, वास सुटला होता. त्यांनी टॅग मोठ्याने वाचला, आधी न कळून आणि मग कळून. विचारलं, कोणी टाकलं हे? कोणी पुढे आलं नाही. परत विचारलं, दोष काय आहे? मॅनेजर म्हणाला, सर, जरा गंमत होती. प्लँट हेडने पिशवी माझ्यापुढे धरली आणि सांगितलं, मॅडम, घ्या, विषय संपवू. मी म्हटलं, "सर, ज्याने टाकली त्याने कारण सांगितलं नाही. नियमाने ती परत बिनमध्ये जाते." डबा-किल्लीला टॅग नव्हता, म्हणून डबा तेवढा सफाईच्या मावशींनी धुऊन ठेवला आणि किल्ली मला परत मिळाली. पिशवी त्या टॅगसकट आजही रोज सकाळी बाहेर निघते आणि रोज आत जाते. मी सध्या तुमच्या नातीचं जुनं शाळेचं दप्तर वापरते. त्याच दुपारी मी तक्रार लिहिली.

लिहिताना मला तुमच्या कंपनीचा फॅमिली डे आठवत होता. आपण सगळे पिंपळे गुरवहून कंपनीच्या बसने आलोय. आईने विहारात जायची पांढरी साडी नेसलीय, कारण तीच सगळ्यात चांगली. मला फुगा मिळालाय, मिठाईचा बॉक्स मिळालाय, आणि तुम्ही आम्हाला तुमचं रंगकामाचं खातं, पेंट शॉप, दाखवायला नेताय. दारातच तुमचे जोडीदार ओरडतात, "आले, नवरदेव आले!" नोकरीच्या पहिल्या दिवशी तुम्ही लग्नातला सफारी घालून गेला होतात, दुसरा चांगला कपडा नव्हता म्हणून, आणि ते नाव तुम्हाला जन्माचं चिकटलं. मग एक जण पुढे येतो आणि रंगकामाच्या चिकटपट्टीच्या मुंडावळ्या करून तुमच्या कपाळाला बांधतो. सगळे हसतात. आई पदराआड हसते. आणि तुम्ही, माझे अण्णा, ज्यांच्यापुढे मी घरात मोठ्याने पावलंही वाजवत नाही, ते मान डोलावून सगळ्यांत मोठ्याने हसताय. ती चिकटपट्टी काढताना भुवईचे केस उपटले गेले, तेव्हाही तुम्ही हसलात.

बसमध्ये मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही समजलात. म्हणालात, "हसतील त्यांचे दात दिसतील, पोरी. आपलं काय जातंय?" तो तुमचा कायमचा मंत्र. पुढे डिप्लोमाच्या वर्कशॉपमध्ये मला मशीनवर हात लावू देत नव्हते आणि मी सरांशी भांडून घरी आले, तर चहाची बशी खाली ठेवून तुम्ही मलाच झापलंत: शिकायला गेलीस का वकिली करायला? मी वर्कशॉपच्या कडेला उभी राहून बघून बघून शिकले. शिकले हे खरं. पण एका बाबतीत मी तुमच्यावर अन्याय करू नये. त्या मुंडावळ्या बांधणाऱ्यांनी रोज तुमच्या डब्यातलं खाल्लं आणि तुम्हाला त्यांच्यातलं दिलं. तुम्ही गेलात तेव्हा तीच माणसं शिफ्ट सोडून आली, तुम्हाला खांदा दिला, आणि एक जण आईपुढे ओक्साबोक्शी रडला, नवरदेव गेला म्हणून. तुमच्या हसण्याच्या बदल्यात तुम्हाला काहीतरी मिळत होतं. माझ्या हसण्याच्या बदल्यात मला काय मिळत होतं, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला आणि काही सापडलं नाही.

तरी सवय जात नाही हो. शुक्रवारी एचआरच्या मुलीचा फोन आला. गोड मुलगी आहे, मला ताई म्हणते. म्हणाली, ताई, तुम्हाला इथे त्रास होतोय ना, मग आपल्या तळेगावच्या प्लँटला स्टोअरमध्ये जागा आहे, पगार तोच, बसून काम, कोणाची कटकट नाही. आणि तक्रारीत आपण 'गैरसमज झाला' असं लिहू, म्हणजे कोणाचं नुकसान नको. मी तिला नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तेच आपलं घरातलं हसू बाहेर आलं, आणि पाठोपाठ मी म्हणाले, "चालेल, बघू." तिने ते पक्कंच धरलं. तासाभरात मेल आला, आपल्या बोलण्याप्रमाणे तळेगावची बदली, सोमवारी सही करायला यावे, सोबत हवं तर एक सहकारी आणता येईल. म्हणजे उद्या मला नुसतं बोलायचं नाहीये, एकदा दिलेला होकार परत घ्यायचाय. नाही घेतला तर माझी लाइन गेली. स्टोअरमध्ये बसून मी नट-बोल्टच्या पेट्या मोजणार, आणि इकडे चांगला माल कुठला ते दुसरं कोणीतरी ठरवणार, बहुतेक ज्याला ट्रकची घाई आहे तोच.

म्हणून आज घरात तालीम झाली. तुमचे जावई चष्मा नाकावर ओढून एचआर झाले, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर मी, आणि तुमची नात ओट्याला टेकून परीक्षक. मी इकडे पुरीचं पीठ मळतेय. यांनी सुरुवातच केली, मॅडम, आपण सगळे एक कुटुंब आहोत, जरा पुढे सरका, जागा करा. आम्ही तिघंही हसलो, पण खरं तर कंपनी मला तेच सांगतेय. मग नात म्हणाली, आई, तू प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसतेस, परत म्हण. परत म्हटलं, परत हसले. तिने पैज लावली की उद्या हसले तर रात्रीची भांडी महिनाभर मी घासायची. मग यांनी चष्मा काढला आणि साध्या आवाजात विचारलं, "पण तुला हवंय काय गं?" आणि माझे हात पिठात थांबले. मला काय नको ते सगळं पाठ होतं. काय हवं, ते कोणी कधी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

जेवणं झाली, हे दोघं झोपले, आणि मी गच्चीत येऊन त्याचाच विचार करत बसले. मॅनेजरची नोकरी जावी असं मला वाटत नाही. त्याचं घराचं कर्ज आहे, आणि कामात तो चांगला आहे. त्याने माझे पाय धरावेत असंही नाही. मला माझ्या लाइनवर राहायचंय. पिशवी त्यानेच टाकली असणार, फक्त पुरावा नाही; त्याने सकाळी सगळ्यांसमोर पुढे यावं, ही पिशवी मी टाकली म्हणावं, दोष काय होता तो सांगावा, आणि सांगता आला नाही तर 'दोष नव्हता' म्हणून आपल्या हाताने बाहेर काढून मला द्यावी. खराब पार्ट टाकणारा प्रत्येक ऑपरेटर रोज करतो, त्यापेक्षा जास्त काही मी मागत नाहीये. हे ठरलं आणि मला एकदम हलकं वाटलं. मी उठून कुंड्यांना पाणी घातलं, वाळत घातलेले कपडे काढले.

तेवढ्यात त्या परभणीच्या ऑपरेटरचा फोन आला. तिने विचारलं, उद्या सोबत कोण आहे तुमच्या? मी म्हटलं, कोणी नाही, एकटीच बरी. तेव्हा तिने सांगितलं की पिशवी टाकताना मॅनेजरला तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि ती माझ्यासोबत आत येऊन ते सांगणार आहे. अण्णा, मी घाबरले. तिला म्हटलं, अगं, तू कॉन्ट्रॅक्टवर आहेस, उद्या गेटवरूनच परत पाठवतील, पोरं लहान आहेत, तू यात पडू नकोस, जाऊ दे. तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, मी तुमच्यासाठी यायले असं नका समजू. आज तुमचा डबा टाकला, उद्या मव्हा टाकतेल. अन् मह्या डब्यासाठी तर कोनी मीटिंग बी घेणार न्हाई."

मी तिला ये म्हटलं. आम्ही दोघी गेटपाशी भेटून बरोबरच आत जाणार आहोत.

हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही आणि तुमच्या फोटोपाशीही ठेवणार नाही, कारण यातली एक गोष्ट तुम्हाला कळू नये असं वाटतं. तुम्ही आज असायला हवे होतात, असं मी सणावाराला, नातीच्या निकालाला, उठता-बसता म्हणते, आणि ते खोटं नाही. पण मघाशी तो फोन ठेवला तेव्हा, अण्णा, तुम्ही नाही याचं मला पहिल्यांदाच थोडं बरं वाटलं. तुम्ही असता तर 'जाऊ दे, पोरी' म्हणाला असता, आणि मी तुमचं ऐकलं असतं.